अभिप्रायासाठी सादर

चमत्काराची पानं ते टाचणीने बंद करून टाकायचे. कुठल्याही महाराजांचं चरित्र त्यांच्याकडून वाचायला आलं की मधली दहा-वीस पानं एकत्र टोचलेली असायची आणि वर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, ‘येथे पाण्याचे तूप होते. वाचण्याची जरूर नाही.’ मी सुरुवातीला हट्टाने टाचण्या काढून वाचत असे. ते त्यांना लगेच कळायचं, कारण टाचणी परत त्याच भोकात घालणं मला कधी जमलं नाही.

ते आमचे घरमालक. रावपुऱ्यात मुख्य रस्त्यापासून जरा आत त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते एकटे आणि वर आम्ही तिघं, म्हणजे मी, माझा नवरा आणि चार वर्षांची मुलगी. नवऱ्याला नंदेसरीला रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही कराडहून बडोद्याला आलो होतो. केबलवाले गच्च्यांवरून वायरी ओढत फिरत होते, ती वर्षं. नवरा पहाटे कारखान्याच्या बसने जायचा आणि संध्याकाळी कधी पिवळे, कधी जांभळे हात घेऊन परत यायचा. मी मराठी घेऊन एम.ए. झालेली. त्या पदवीचा बडोद्यात कुणालाच उपयोग नव्हता, म्हणून मराठी घरांतल्या मुलांना मराठी शिकवायच्या शिकवण्या घेत होते. त्यामुळे सगळे मला ‘बाई’ म्हणत. मी घरमालकांना काका म्हणायची.

काकांचे आजोबा संस्थानच्या पागेत होते आणि वडील संस्थानच्या कचेरीत. काका स्वतः जमिनीच्या नोंदींच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. जन्मभर गुजरातीत कागद लिहिल्यामुळे असेल, वडिलांची मराठी कचेरी त्यांनी घरी चालू ठेवली होती. त्यांनी नुकतंच वाचलेलं पुस्तक जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसायचं. त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असायची, ‘अभिप्रायासाठी सादर’. आणि खाली त्यांचा शेरा.

ते शेरे मी अजून विसरलेले नाही. ‘सदर चरित्र उत्तम. महाराज कमी बोलतात.’ ‘या महाराजांना अहंकार नाही. लेखकाला आहे.’ ‘चाळिसाव्या पानावर बायकोला सोडून जातात. पुढे तिचे काय झाले याचा तपास लागत नाही. खेद.’ एकदा एका संन्याशाच्या आठवणींवर लिहिलं होतं, ‘लेखकाने स्वतःच्या बापास एका ओळीत संपविले आहे. ती ओळ तीनदा वाचली.’

मी अभिप्राय लिहून पुस्तक परत पायरीवर ठेवायचं, असा रिवाज होता. नुसतं ‘आवडलं’ लिहून भागत नसे. तसं लिहिलं तर पुस्तक ‘फेरविचारार्थ’ म्हणून परत वर यायचं. शिफारशी फक्त मलाच होत्या असं नाही. पोस्टमन, दाताचे डॉक्टर, गॅसचं सिलिंडर आणणारा माणूस, कुणाचीच सुटका नव्हती. हिंचक्यावर, म्हणजे ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसून ते रस्त्यावरच्या माणसाला हाक मारायचे, ‘अरे, ऊभा रहे ने! एक चोपडी वाचली, फर्स्ट क्लास आहे.’ माणूस सायकल हळू करायचा, पुस्तक कोणत्या महाराजांचं आहे ते बघायचा आणि जोरात पायडल मारायचा.

त्यांची मराठी ऐकून माझा जीव वर-खाली व्हायचा. ‘आज फार मोडं झालं,’ असं ते पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी घाबरून विचारलं, ‘काय मोडलं?’ मोडं म्हणजे उशीर. बारणं म्हणजे दार. मी त्यांना सुधारायची. ‘काका, उशीर म्हणावं.’ ते लगेच म्हणायचे, ‘उशीर. बराबर.’ आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोडं व्हायचं. मला शुद्ध मराठीचा फार गर्व होता. या शहरात माझ्याकडे तेवढं एकच होतं, म्हणूनही असेल.

चरित्र बरं की वाईट हे ठरवायची त्यांची एकच कसोटी होती. ‘संत कुणीपण होईल हो बाई. संताकडे भांडी कोण घासतं ते बघा.’ ज्या पुस्तकात आश्रमाचा स्वयंपाक कोण करत होतं याचा उल्लेख नाही, ते त्यांच्या लेखी चरित्रच नव्हतं. आधी ते पुस्तकाची शेवटची पानं उघडायचे. तिथे सेवेकऱ्यांची नावं असली तर त्यावरून बोट फिरवायचे. मग आतली वाढपी, पाणके, आचारी यांची पानं दुमडून ठेवायचे. मला वाटायचं, काय हा विक्षिप्त माणूस, देवमाणसाच्या गोष्टीत याला आमटीत रस.

एकदा त्यांनी मला एका प्रकाशन समारंभाला नेलं. कुणा महाराजांच्या सहवासातल्या आठवणींचं पुस्तक होतं. लेखकाचं भाषण झालं, टाळ्या झाल्या, आणि काका मधल्या रांगेतून उभे राहिले.

‘पंगतीला पोळ्या कोण लाटत होतं?’

लेखक हसून म्हणाले, ‘महाराजांच्या कृपेने सगळं आपोआप होत असे.’

‘पोळी आपोआप नाही थात हो. कोण होतं? नाव लिहिलंय? डावखुरा कुणी होता?’

लोक हसले. पुढच्या रांगेतल्या एकाने मागे वळून ‘बेसी जाओ, काका’ म्हटलं. ते बसले नाहीत. शेवटी मीच त्यांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं.  रिक्षात माझी मान शरमेने खाली होती आणि ती त्यांनी पाहिली असणार.

त्यांची मुलगी बडोद्यातच, वासण्याला राहायची. मी तिला ताई म्हणायची. ती दर रविवारी डबा घेऊन यायची. समारंभाची गोष्ट मी तिला तक्रारीच्या सुरात सांगितली तेव्हा ती जिन्यातच बसली आणि म्हणाली, ‘बाई, तुम्हाला कुणी सांगितलं नाही? माझा भाऊ गेलाय ने.’

गेलाय म्हणजे घरातून निघून गेलाय. एकुलता एक मुलगा. डावखुरा, हाताने कुशल आणि रागाने भयंकर. राग आला की ताट भिंतीवर जायचं. बापाने मोठ्या खटपटीने लावून दिलेली नोकरी त्याने साहेबाच्या अंगावर धावून जाऊन घालवली. त्या संध्याकाळी काका त्याला म्हणाले, ‘हा राग जाईल त्या दिवशी तोंड दाखव. तोपर्यंत या बारण्यात पाय ठेवू नको.’ तो तसाच उठला आणि गेला. आईने दोन वर्षं वाट पाहिली आणि तीही गेली, ती कायमची. पुढे कुणीतरी सांगितलं की नर्मदेकाठच्या एका आश्रमात त्याला पोळ्या लाटताना पाहिलं. काका धावत तिथे पोहोचले तोवर महाराज आणि सेवेकरी दुसरीकडे गेले होते. काही काळाने महाराज वारले आणि मंडळी पांगली. राहिली ती पुस्तकं. महाराजांवर, त्यांच्या शिष्यांवर, ओळखीच्या दुसऱ्या महाराजांवर एकामागून एक निघणारी पुस्तकं. काका सगळी आणत आणि पानापानावर मुलाला शोधत. आणि एका माणसाच्या नजरेतून काही सुटू नये म्हणून ती आम्हा सगळ्यांना वाचायला लावत.

त्यानंतर मी टाचण्या काढल्या नाहीत.

आमचं बडोद्यातलं पहिलं वर्षही पुरं झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. एका दुपारी एक पातळ पुस्तक घेऊन काका स्वतः जिना चढून वर आले. ते आधी कधी वर येत नसत. चिठ्ठी होती, पण शेरा नव्हता.

पुस्तक त्याच नर्मदाकाठच्या महाराजांबद्दल होतं. महाराजांच्या एका म्हाताऱ्या शिष्याने वहीत लिहून ठेवलेल्या आठवणी त्याच्या मृत्यूनंतर छापल्या होत्या. शिष्य मूळचा बडोद्याचा. वही साफसूफ करून प्रत्येक आठवणीला मथळा दिला होता तो महाराष्ट्रातल्या कुणा संपादकाने. एका आठवणीचा मथळा होता ‘क्रोधावर विजय’. काकांनी तेच पान उघडून माझ्यापुढे ठेवलं.

‘डाव्या हाताने पोळ्या लाटणारे बडोद्याचे एक पोर होते. त्याला तीन दिवस ताव होता. कुणाशी बोलेना, अन्न घेईना. चौथ्या दिवशी पहाटे महाराज स्वतः त्याच्या उशाशी बसले, मस्तकावर हात ठेवला. पोर शांत झाले. महाराज म्हणाले, सुटला.’

‘काय वाचलंत?’ काकांनी विचारलं.

मला इतका आनंद झाला की माझे डोळे भरून आले. ‘काका, हाच की हो! सापडला तुमचा मुलगा.’

‘ते बराबर. पण काय झालं त्याला? तुम्ही मराठी शिकलेल्या. तुम्ही तिकडच्या. नीट वाचून सांगा.’

‘सरळ तर आहे. राग आला होता. तीन दिवस रुसून पडला होता, जेवला नाही. महाराजांनी डोक्यावर हात ठेवला आणि त्याचा राग शांत झाला. रागातून सुटला.’

‘राग?’

‘ताव म्हणजे रागच ना काका. आपण तावातावाने बोलणं म्हणतो. आणि वर मथळाच दिलाय की.’

त्यांनी मथळ्यावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, ‘लिहून द्या.’

मी लिहून दिलं. एम.ए.ला लिहायचे तसं ऐटीत लिहिलं. ताव या शब्दाचा अर्थ, त्याचे मराठीतले उपयोग, मथळ्याशी जुळणारा संदर्भ, आणि शेवटी ‘अर्थाविषयी शंका घेण्यास जागा नाही’. खाली सही केली. त्या कागदाची घडी घालून काकांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला.

त्या कागदाने काय काम केलं ते मला पुढच्या रविवारी समजलं. मुलगा जाऊन बारा वर्षं होत आली होती. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा दर्भाचा पुतळा करून त्याचे अंत्यविधी उरकून टाकतात. ताईने भटजींना विचारून दिवसही धरला होता. जिवंत असेल तर आनंदच आहे, नसेल तर त्याच्या जीवाला वाट मिळेल, असं तिचं म्हणणं. काका आधी हो-नाही करत होते. आता त्यांनी साफ नकार दिला. ‘पोराचा राग गेलाय. पुस्तकात आलंय. बाईंनी लिहून दिलंय. राग गेला म्हणजे आज ना उद्या तो येणार. जिवंत पोराला मी अग्नी देऊ?’

ताई वर येऊन मला म्हणाली, ‘तुम्ही लिहून दिलंत म्हणे.’ मी अभिमानाने हो म्हटलं. तिने ते पुस्तक पाहायला मागितलं होतं, पण काकांनी तिला दिलं नव्हतं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

काका त्या दिवसापासून बदलले. शिफारशी चालूच राहिल्या, पण शेरे सौम्य झाले. एका भांडखोर स्वामींच्या आत्मचरित्रावरही त्यांनी लिहिलं, ‘स्वभाव तापट, पण तापट माणसेही निवतात.’ खालच्या मधल्या खोलीत त्यांनी चुना दिला आणि एक नवी गादी भरून घेतली. आश्रमाच्या जुन्या पत्त्यावर तीन पत्रं पाठवली. दोनांचं काहीच आलं नाही. तिसऱ्याचं उत्तर म्हणून अंगाऱ्याची पुडी आली. संध्याकाळी बारणं उघडं ठेवून ते हिंचक्यावर बसायचे. शेव-उसळ खायला निघालेली पोरं त्यांना ‘केम छो, दादा’ म्हणायची आणि ते प्रत्येकाच्या हातांकडे बघायचे. हे असं अडीच वर्षं चाललं.

या अडीच वर्षांत माझी मुलगी शाळेत गेली आणि गुजराती झाली. मलाही बाजारापुरती, दवाखान्यापुरती गुजराती आली. लिपी तेवढी येत नव्हती. एकदा मुलगी आजारी पडली आणि तिची शाळा बुडाली. चौथ्या दिवशी बरी होऊन ती दप्तर भरत होती आणि मी तिच्या शिक्षिकेला देवनागरीत चिठ्ठी लिहीत होते, ‘हिला तीन दिवस ताप होता.’

मुलगी खांद्यावरून वाचत होती. म्हणाली, ‘आई, ताप नको लिहू. बेनना नाही कळत. ताव लिही.’

मी ‘ताप’ खोडलं आणि वर ‘ताव’ लिहिलं.

तीन दिवस ताव होता.

शब्द काही मला नवा नव्हता. दवाखान्यात डॉक्टर रोज ‘ताव छे?’ विचारत आणि मी ‘छे’ म्हणत होते. पण तो मला कानाने ठाऊक होता, गुजराती म्हणून. माझ्या अक्षरात, माझ्या मराठी वाक्यात लिहिलेला तो मी पहिल्यांदाच पाहिला. आणि त्याच्या मागोमाग बाकीची वाक्यं आपोआप आली. कुणाशी बोलेना. अन्न घेईना. उशाशी बसले. पोर शांत झालं. सुटला.

रागावलेल्या माणसाच्या उशाशी कुणी बसत नाही. हे मला तेव्हा दिसायला हवं होतं. संपादकाला दिसलं नाही, कारण तो तिकडचा. मला दिसलं नाही, कारण मीही तिकडची. तापाने फणफणून मेलेल्या एका पोराच्या अंगावर आम्ही दोघांनी मिळून ‘क्रोधावर विजय’ असं लिहून ठेवलं होतं.

मुलीला शाळेत सोडून आले.  सांगावं की नाही याचा विचार करण्यातच तीन-साडेतीन वाजले. गप्प राहिले तर म्हातारा सुखाने वाट बघत मरेल. पण मग त्या पोराला घरच्या कुणी अग्नी दिलेला नाही, देणारही नाही, आणि ते माझ्या सहीने. शेवटी खाली गेले.

काका हिंचक्यावर होते. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी पायाने हिंचका थांबवला.

‘बाई, अभिप्राय बदलायचाय?’

मी म्हटलं, ‘काका, मला तेव्हा इथली भाषा येत नव्हती.’

‘म्हणून तर तुम्हाला दिलं होतं.’

मला कळायला वेळ लागला. ते शांतपणे सांगत होते. ‘मी इथेच जन्मलो ने. ताव म्हणजे काय हे मला नाही कळणार? पहिल्या वाचनातच कळलं. ताईला दिलं असतं तर तिलापण कळलं असतं. दोन दिवस पुस्तक उशीखाली ठेवलं. मग वाटलं, वर एक बाई आहेत, मोडं म्हटलं तर काय मोडलं विचारतात. त्यांना दाखवू. त्यांना दुसरं काही दिसलं तर दुसरं.’

‘मग मी परत तेच लिहून देते,’ मी म्हटलं. मला रडू आवरत नव्हतं. ‘मराठीत तो अर्थही होतो, काका. खोटं नाही ते.’

‘आता नाही चालणार. आता तुम्हाला येतं.’

ते उठले, कपाटातून ते पातळ पुस्तक आणलं आणि पान उघडून माझ्या हातात दिलं. ‘वाचा. मोठ्याने. मला कुणी सांगितलंच नाहीये अजून.’

मी वाचलं. सहा ओळी होत्या. ‘ताव’ आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. ‘सुटला’ म्हणून मी थांबले तेव्हा त्यांनी डोळे उघडले. खिशातून माझा तो जुना कागद काढला, पुस्तकात ठेवला आणि पुस्तक बंद केलं. मग मोरीत गेले. दूरची मृत्यूची बातमी कळली की अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ करायची असते. मला बादलीत नळ पडल्याचा आवाज आला, मग तांब्यामागून तांब्या पाणी ओतल्याचा. बराच वेळ तो थांबेना.

निथळत्या धोतराने ते बाहेर आले आणि दारातच उभे राहिले.  म्हणाले, ‘ताईला फोन लावा ने. मला नंबर नाही दिसत. सांगा, भाऊ गेला.’

मी फोन लावला. पलीकडे ताईने उचलला. मी तिला सांगितलं.

 तिने विचारलं, ‘कधी?’

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, ‘आत्ताच.’